सातव्या शिक्क्यानंतरची शांतता

मावशीच्या डोक्यातून नवऱ्याचा आवाज गेला तो एका साध्यासुध्या सकाळी, दात घासताना.

तोपर्यंत तो तिथे होता. माणूस जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती, शर्ट वाटून झाले होते, चष्मासुद्धा कुणाच्या तरी उपयोगी पडला होता. पण आवाज आपला डोक्याच्या एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असायचा, आणि मावशी दिवसातून एकदोनदा त्याला बोलतं करायची. टूथपेस्टचं झाकण उघडं राहिलं की तो म्हणायचा, "झाकण म्हणून एक वस्तू असते जगात." त्या सकाळी झाकण उघडंच होतं. मावशीने कान दिला. वाक्य आलं, शब्द सगळे जागच्या जागी आले, पण ते म्हणत होती मावशी स्वतःच. तिने चूळ भरली, नळ बंद केला आणि पुन्हा कान दिला. या खेपेला पुरुषाचा आवाज आला खरा. जाड, घशाच्या तळातून घरंगळत वर येणारा. तो अजगराचा होता.

"कुठला अजगर?" चहा गाळता गाळता भाचीने विचारलं.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. संसार मोडला तेव्हा चार दिवस म्हणून मावशीकडे आली आणि राहिलीच. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायची, आणि घरी आली की उरलासुरला टोचरेपणा मावशीवर संपवायची.

"सिनेमातला अजगर. सात डोक्यांचा."

"सातही डोकी काकांची?"

"सातही. कपाळाला हात लावू नकोस, दूध उतू जाईल."

मावशी आणि तिचा नवरा, दोघंही आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी बोलत आली होती. परक्या भाषेतले सिनेमे आपल्या भाषेत बोलते करायचे, हा त्यांचा धंदा. त्या काळी सिनेमाचा एकेक प्रसंग कापून त्याची दोन टोकं जोडत आणि त्याचं कडं यंत्रावर चढवत. पडद्यावर तोच माणूस तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहायचा, आणि आपण त्याच्या ओठांवर आपले शब्द बसवायचे, नीट बसेपर्यंत. बाहेर ऊन आहे की रात्र, काही कळायचं नाही. भिंतींना जाड काथ्या, जमिनीवर सतरंजी, दारावर लाल दिवा. स्टुडिओत तिला सगळे चिमणी म्हणत, कारण लहान मुलं, राजकन्या, देवदूत, जे काही बारीक आवाजाचं असेल ते तिच्याकडे यायचं. नवऱ्याला म्हणत खर्ज. पण खर्ज नुसता खर्जात बोलायचा असं नव्हतं. म्हातारा, दरोडेखोर, न्यायाधीश, तोतरा नोकर, तो काहीही व्हायचा. एकाच प्रसंगात खुनीही तोच आणि मेलेलाही तोच. कुणाला ओळखू यायचं नाही, आणि याचाच त्याला गर्व. सख्खा भाऊ थिएटरात बसून पूर्ण सिनेमा बघून आला आणि म्हणाला, "तुझा आवाज कुठे ऐकलाच नाही." त्या दिवशी नवऱ्याने एक घास जास्त खाल्ला.

त्याचं स्वतःचं जे बोलणं होतं, घरातलं, पाण्यासारखं, ते मात्र कुणी कधी टेपवर घेतलं नाही. त्याला गिऱ्हाईकच नव्हतं. घरी एकदा टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा त्याने माइक हातात घेतला आणि लगेच दरोडेखोर झाला. पुढे तीही कॅसेट यंत्राने चघळली. भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो दिसतो, हात हलवून कुणाला तरी काही सांगतोय, चांगला बराच वेळ सांगतोय. पण व्हिडिओवाल्याने त्या सगळ्यावर सनई घातली.

"लग्न टिकलं नाही, सनई टिकली," भाची म्हणायची.

तेव्हा नवऱ्याचा स्वतःचा आवाज या जगात एकाच ठिकाणी होता. मावशीला ते ठिकाण पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिने त्या दिवशी चहा निवेपर्यंत भाचीला सांगितलं.

एका धर्मसंस्थेने एक लांबलचक सिनेमा दिला होता. बायबलचं अगदी शेवटचं पुस्तक, जगाच्या अंताचं, ते सगळं त्यात उतरवलेलं. बेटावरचा म्हातारा दर्शन बघतो, चार घोडेस्वार दौडतात, आभाळ गुंडाळलं जातं, सूर्य काळा पडतो. बेटावरचा म्हातारा नवरा, दोन घोडेस्वार नवरा, अजगर नवरा. मावशीकडे सगळ्या बायका. सूर्य पांघरून उभी असलेली ती पवित्र स्त्रीही तीच, आणि श्वापदावर बसलेली, दागिन्यांनी मढलेली, शेवटी जळून जाणारी पापीण बाबेलही तीच.

"एकाच दिवशी?"

"जेवायच्या सुट्टीआधी पवित्र, सुट्टीनंतर बाबेल. जेवण जड झालं की बाबेलचा आवाज छान लागायचा."

त्या गोष्टीत एक पुस्तक असतं, सात शिक्क्यांनी बंद केलेलं. एक कोकरू ते शिक्के फोडतं, आणि एकेक शिक्का फोडला की एकेक संकट सुटतं. सहा शिक्के फुटतात, भूकंप होतो, राजे गुहांत लपतात. मग सातवा फुटतो आणि काहीच होत नाही. स्वर्गात अर्धा तास कुणी एक शब्द बोलत नाही. सिनेमात अर्धा तास कोण थांबणार, म्हणून तिथे थोडा वेळ नुसतं आभाळ दाखवलं होतं. संगीत नाही, वारा नाही.

ही जागा आली तसा रेकॉर्डिस्ट अडून बसला. त्याला सगळे दादा म्हणत. दादाचं म्हणणं, इथे कोरी टेप लावली तर लोकांना वाटेल मशीन बंद पडलं, सगळे वळून मागे बघतील. शांतता पाहिजे असेल तर ती खोलीची घ्यायची. तशी पद्धतच होती. प्रत्येक खोलीची गप्प बसायची एक तऱ्हा असते, ती थोडी टेपवर घेऊन ठेवायची आणि वाक्यांच्या मधल्या फटी तिने भरायच्या. त्यासाठी सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं, कारण माणसं बाहेर गेली की खोलीचा आवाज बदलतो. तर त्या दिवशी, बाबेल जळायचा प्रसंग घेऊन झाल्यावर, दादाने लाल दिवा लावला आणि सगळी गप्प उभी राहिली. मावशी आणि नवरा एकाच माइकपुढे, खांद्याला खांदा लावून. टेप फिरत होती. दिवसभर अजगर होऊन दमलेला नवरा, मावशीच्या कानाकडे थोडा झुकला आणि आपल्या रोजच्या आवाजात हळूच म्हणाला, "गॅस बंद केलास ना?"

भाची हसली ती ठसका लागेपर्यंत. "स्वर्गात? सातव्या शिक्क्याला?"

"मला उत्तर देता येईना. टेप चालू. मी नुसती मान हलवली."

"आणि केला होतास?"

"केला होता गं."

दादाने ते तसंच ठेवलं. पुढे तो सिनेमा मैदानांत, शाळांच्या अंगणांत चादर बांधून दाखवला गेला. दोघं दोनतीनदा बघायला गेली. प्रोजेक्टरच्या घरघरीत ते वाक्य कुणाला कळण्यासारखं नव्हतं. ठाऊक असेल त्यालाच ऐकू यायचं. आभाळ आलं की नवरा कोपराने ढोसायचा. पुढची, मागची माणसं भक्तिभावाने वर बघत, आणि ही दोघं खाली मान घालून तोंड दाबत.

"मला तेवढं ऐकायचंय," मावशी म्हणाली. "एकदा ऐकलं की मला परत सापडेल. सूर विसरला तर पेटीची एक पट्टी दाबून देतात ना, तसं."

भाचीने त्याच संध्याकाळी शोधायला घेतलं. फोनवर जगाचा अंत असं टाकलं मात्र, अंतांची रांग लागली. उल्का, महापूर, मेलेली माणसं उठून चावणारी, हिमयुग, माकडं.

"यात देव कुठे आहे?" मावशीने चष्मा पुसत विचारलं.

"देव टाकून बघते. थांब." भाची बोटाने खाली खाली जात राहिली. "हे बघ, बायबलवाले पण पुष्कळ आहेत. हा एक चार घोड्यांचा. हा कृष्णधवल. हा मुलांसाठी, कार्टून."

"मुलांसाठी जगबुडी?"

"शेवटी गाणं आहे म्हणे. हा बघ, हा फुकट आहे, पण मधे मधे साबणाच्या जाहिराती."

"जग बुडताना साबण?"

"हात धुऊन जायचं. आणि हा दुसरा, याच्यावर लिहिलंय, तुमच्या देशात उपलब्ध नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अंत झालाय, पण आपल्याकडे अजून आलेला नाही."

असं बरेच दिवस चाललं. भाची कामावरून आली की दोघी पलंगाला टेकून बसायच्या आणि एकेक अंत उघडून बघायच्या. कुठे वर्गणी भरा म्हणायचे, कुठे नुसताच तुकडा असायचा, कुठे सिनेमा तो वाटायचा आणि भाषा भलतीच निघायची. एका कंपनीच्या ॲपवर घोडेस्वार त्यांच्यासारखेच दिसले. मावशी उठून बसली. पण घोडा शिंकला तेव्हा तिने मान हलवली. त्यांच्या सिनेमातला घोडा शिंकत नव्हता, तो फुरफुरायचा, आणि तेसुद्धा नवऱ्याने केलं होतं. वाचनालयाच्या तळघरात जुन्या सीड्या होत्या, तिथे भाची सुट्टी काढून जाऊन आली आणि धुळीने शिंकत परत आली. चर्चच्या कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, अशा सिनेमांच्या पेट्या होत्या, पण छप्पर गळलं त्या वर्षी गेल्या.

या दिवसांत मावशीने आवाज आठवायचं सोडून दिलं होतं. आठवायला गेलं की दर खेपेला अजगरच यायचा, आणि तिला भीती वाटायला लागली की असं करत करत तोच तिथे कायमचा बसेल.

शेवटी ती म्हणाली, "दादाकडे जाऊ."

दादा त्याच्या मुलाच्या घरी, तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत असायचा. खिडकीतून बसची चाकं तेवढी दिसायची. आयुष्यभर ज्याने कान वापरले त्याचे कानच गेले होते. दोन्ही कानांत यंत्रं होती आणि ती शिट्टी वाजवत. सुनेने त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "स्टुडिओतल्या बाई आल्यात." तो मावशीकडे बघत राहिला.

मावशीने खुर्ची पुढे ओढली, आवाज खालच्या पट्टीत घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दादा, चिमणी."

"चिमणीचा आवाज असा जाड कधी झाला?"

"वय झालं दादा."

"माझं तरी कुठे राहिलंय," दादा म्हणाला, आणि सुनेला म्हणाला, "हिला चहा दे. हिने बाबेल केली होती. काय बाबेल होती."

सून बिचारी मावशीकडे बघून कसनुसं हसली आणि आत गेली.

"दादा, सातवा शिक्का आठवतो?"

त्याचा चेहरा आधी कोराच राहिला. मग एकेक सुरकुती कामाला लागली. "गॅस," तो म्हणाला.

मावशीने डोळे मिटून घेतले. भाचीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही ते काढलं नव्हतं ना? शेवटपर्यंत?"

"काढू कशाला? कोरी टेप म्हणजे शांतता नव्हे, बाई. तो बिघाड. माणसं आहेत आणि बोलत नाहीत, ती शांतता. त्यात एखादा कुजबुजला की ती जास्त शांत होते. मी तर त्याच्या अलीकडचं पलीकडचं जरा खाली घेतलं, म्हणजे ते वर राहावं. संस्थेच्या लोकांना ऐकूच आलं नाही कधी. आपलं आपल्याला."

"आवाज आठवतो तुम्हाला? यांचा?"

बाहेरून एक बस गेली, ती खोलीतल्या पेल्याला कळली, दादाला नाही.

"आवाज नाही आठवत," तो म्हणाला. "सुई आठवते. मीटरवरची. अशी पडून होती, आणि मग इतकीच उठली." त्याने तर्जनी टेबलावर ठेवली आणि तिचं टोक जरासं उचलून पुन्हा खाली टेकवलं. मग पुन्हा एकदा करून दाखवलं.

टेपा सगळ्या संस्थेने नेल्या होत्या, हे त्याला पक्कं माहीत होतं. संस्था अजून चालू होती, दुसऱ्या शहरात.

निघताना दारापर्यंत सून आली. मागून दादाने हाक मारली. "चिमणे, खर्ज कसा आहे? त्याला घेऊन का नाही आलीस?"

सुनेने ओठ चावला. मावशी वळून त्याच्या कानाशी गेली. "बरे आहेत," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आणते."

परतीला दोघींनी बस धरली. बस उड्डाणपुलावर चढली तेव्हा भाचीने फोन काढला, संस्थेचं नाव टाकलं, आणि उतरायच्या थांब्याच्या आधी तिने मावशीचं मनगट धरलं. संस्थेचं स्वतःचं ॲप होतं. त्यात त्यांचे सगळे जुने सिनेमे होते, भाषांप्रमाणे लावलेले. फुकट. आणि जगाच्या अंताच्या सिनेमापुढे, इतर भाषांच्या गर्दीत, त्यांची भाषा होती. खाली लिहिलं होतं: नव्याने जतन केलेली, सुधारित आवृत्ती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी भाचीने फोन टीव्हीला जोडला, वरच्या मजल्यावरून दोन स्पीकर मागून आणले, पडदे ओढले, दारावरची घंटा काढून ठेवली. मावशीने धुतलेली साडी नेसली. का नेसली ते तिलाही सांगता आलं नसतं.

चित्र काय सुंदर झालं होतं. मैदानात चादरीवर बघितलेलं सगळं तपकिरी होतं. इथे समुद्र निळा होता. बेटावरचा म्हातारा बोलायला लागला आणि भाचीच्या अंगावर काटा आला. "हे काका?" ती म्हणाली. "माझ्या काकांचा आवाज असा नव्हता काही."

"तेच तर," मावशी म्हणाली.

पहिला घोडेस्वार आला, दुसरा आला. घोडा फुरफुरला. मावशीला एकेक श्वास आठवत होता, कुठे त्याने पाणी मागितलं, कुठे कागद उलटताना आवाज झाला म्हणून पुन्हा घ्यावं लागलं. नवरा सगळीकडे होता, आणि एकाही ठिकाणी नव्हता. इतकं चांगलं काम त्याने केलं होतं. सहावा शिक्का फुटला. पृथ्वी हलली, राजे गुहेकडे पळाले, तारे अंजिरांसारखे गळाले. मावशीने मांडीवरचे हात घट्ट धरले.

कोकराने सातवा शिक्का फोडला. आभाळ आलं.

स्पीकरमधून काहीही आलं नाही. हळू आलं असंही नाही. जिथे खोली होती, काथ्या, सतरंजी, अंग आवरून उभी असलेली माणसं, तिथे आता काही नव्हतं. वीज जावी तसं. नकळत भाचीने मागे वळून स्पीकरच्या वायरी बघितल्या. मग एकदम कर्णा वाजला आणि दोघी दचकल्या.

"परत लावते. आवाज मोठा करते."

तिने परत लावलं, पूर्ण आवाजात. मग फोनला इअरफोन लावून एक कान मावशीला दिला, एक स्वतः घेतला. मग दोन्ही कान मावशीला दिले. मावशी डोळे मिटून ऐकत राहिली. तिला तिच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. त्याच्यापुढे काही नव्हतं.

ॲपवर एक नंबर होता. भाचीने नको म्हटलं तरी मावशीने स्वतःच लावला. दोघातिघांनी फोन इकडून तिकडे दिला आणि शेवटी ध्वनी विभागातला एक तरुण आला. बोलणं गोड, घाई नाही. मावशीने आपली ओळख सांगितली, तेव्हा तो खरोखर हरखला.

"आजी, बाबेल तुम्ही? आम्ही तुमचं काम महिनोन्महिने ऐकलंय. प्रत्येक वाक्य साफ केलंय."

"छान झालंय," मावशी म्हणाली. "बाळा, सातव्या शिक्क्यानंतर जी शांतता आहे ना..."

"ती तर आम्हाला सगळ्यात अवघड गेली." आता तो सांगायच्या भरात आला. "टेपवर नुसती खरखर होती, आणि त्यात मधेच कुणीतरी बोललेलं. बाहेरचं कुणीतरी असणार. इतकी पवित्र जागा, आणि तिथे हे. ते काढायला मला फार वेळ लागला, आजी, कारण ते खरखरीत अगदी मिसळलेलं होतं. शेवटी सगळं काढलं आणि कोरं केलं. आता ऐकलंत ना, किती स्वच्छ आहे?"

"ऐकलं," मावशी म्हणाली. "मूळच्या टेपा आहेत का?"

"त्या एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या. साफ केलेलं उतरवून झालं की मूळ ठेवत नाही आम्ही. जागाच नाही. आणि वासही फार यायचा."

"आणि साफ करायच्या आधीचं? तुमच्या कॉम्प्युटरवर?"

"नाही आजी. त्याच्यावरच पुढचं काम करतो आम्ही, आधीचं उरत नाही. का, काही राहिलं होतं का?"

मावशीने भिंतीकडे बघितलं. भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि हाताने विचारत होती, काय म्हणतोय.

"काही नाही," मावशी म्हणाली. "ते जे कुणी बोललं होतं, ते तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल."

"शेकडो वेळा. काढायचं म्हणजे ऐकावंच लागतं."

"कसा होता आवाज?"

तो प्रामाणिकपणे आठवत होता, हे फोनवरूनही कळत होतं. दादाला तर सुईच आठवते, तेव्हा आपल्यानंतर या जगात हा एकच माणूस आहे, मावशीच्या मनात आलं, आणि त्याने तो आवाज आपल्यापेक्षा अलीकडे ऐकलाय.

"कसा म्हणजे..." तो म्हणाला. "साधाच होता, आजी. कुणाचाही असतो तसा."

मावशीने त्याचे आभार मानले. त्याने तिला पुढच्या कार्यक्रमाला यायचं आमंत्रण दिलं, तिने येईन म्हटलं, आणि फोन ठेवला.

भाचीला सगळं सांगावं लागलंच नाही. तिने मावशीचा चेहरा बघितला आणि वायरी सोडवायला घेतल्या. स्पीकर उचलून वर परत द्यायला निघाली, तेव्हा दारातून म्हणाली, "त्याला शिव्या तरी घालायच्या होत्यास."

"कशाबद्दल घालू? चांगलं काम केलंय त्याने."

भाची गेली. मावशी स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर काही नव्हतं, सकाळपासून नव्हतं. ओट्याला टेकून ती उभी राहिली. तिला वाटलं, आपण जन्मभर आवाज केले. मांजराचे केले, राणीचे केले, अडीनडीला पुरुषांचेही केले. एक आवाज आपल्याला काढता येऊ नये? तिने पोट आत घेतलं, हनुवटी खाली आणली, तो जसा माइकपुढे उभा राहायचा तशी उभी राहिली, आणि म्हणाली, "गॅस बंद केलास ना?"

अजगर आला. हुबेहूब.

तिने खाकरून घसा मोकळा केला आणि आवाज थोडा वर नेला. बेटावरचा म्हातारा आला. अजून सैल सोडला, घोडेस्वार. मग दरोडेखोर, मग न्यायाधीश, मग तो तोतरा नोकर, ज्याच्यावर एका वर्षी सगळा स्टुडिओ हसला होता. सगळे आले. ज्यांना बोलावलं नव्हतं तेही येऊन तेच विचारून गेले. तिने पुन्हा एकदा, काहीही न करता, नुसतं म्हटलं, आणि तो तिचा स्वतःचा आवाज होता, म्हाताऱ्या बाईचा, जाड झालेला.

बाहेरचं दार वाजलं. भाची परत आली होती. चपला काढता काढता ती थबकली.

"मावशी, कोण आलंय गं? पुरुषाचा आवाज येत होता."

मावशीने नळ सोडला आणि धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला घेतला.

"कुणी नाही," ती म्हणाली.